पडवीतला पहारा

११ मे २०२३ च्या रात्री अडीचच्या सुमारास आमच्या पडवीच्या पत्र्यावर नारळ पडला. कोकणात ही काही सांगण्यासारखी घटना नाही. पण त्या आवाजासरशी माझ्या यजमानांनी, उकाड्यामुळे त्या रात्री पडवीत येऊन झोपलेल्या आमच्या मुलाला मानेला धरून खाटेवरून खाली ओढले, जमिनीवर पालथे घातले आणि त्याच्या तोंडावर हात दाबून ते त्याच्या अंगावर पडून राहिले. मी दिवा लावला तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते, मात्र मी त्यांना दिसत नव्हते. सकाळी त्यांनीच मुलाला विचारले, "ओठाला काय लागले रे?"

हे पायदळात होते. १९८८ साली भरती, १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलच्या लढाईत द्रासला, पुढे २००३ ते २००५ राष्ट्रीय रायफल्समधून कुपवाड्यात आणि २०१० मध्ये हवालदार पदावरून निवृत्ती. पलटणीचे आणि गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दापोली तालुक्यातले खाडीकाठचे गाव एवढे पुरे. त्या मे महिन्यात नेमके कोणत्या दाराशी जाऊन उभे राहावे हे मला कळत नव्हते, आणि आमच्यासारखी माणसे असलेली घरे या पट्ट्यात थोडी नाहीत, म्हणून पुढच्या पावणेदोन वर्षांची हकिकत तारीखवार लिहून ठेवते आहे. यजमानांनी हा मजकूर वाचला आहे आणि दोन ठिकाणी खोडलाही आहे.

आधी घर कसे चालले होते ते सांगायला हवे. कुकरची शिट्टी होण्याआधी मी गॅस बंद करत असे. जेवताना ह्यांची जागा दाराकडे तोंड करून, भिंतीला पाठ लावून ठरलेली. गणपतीत विसर्जनाच्या दिवशी फटाके सुरू व्हायच्या आत हे डोंगराकडच्या काजूच्या कलमांत निघून जात, रात्री तिथल्या मांगरातच झोपत, आणि घरात कोणीही "कुठे गेले" असे विचारत नसे. पहाटे साडेचारला उठून ते अर्धा तास पडवीच्या खांबाला टेकून अंधारात बघत उभे राहत. फौजेत पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळे जण हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज होतात, त्याला 'स्टँड टू' म्हणतात. निवृत्तीनंतर तेरा वर्षे आमच्या घरात तो चालू होता आणि मी शेजारणींना कौतुकाने सांगत असे की, बघा, फौजी माणसाची शिस्त कशी असते.

त्याच रात्री मी १४४१६ या क्रमांकावर फोन केला. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली, चोवीस तास आणि विनाशुल्क. मी नोकरी करते त्या शाळेत आलेल्या एका परिपत्रकामुळे तो क्रमांक माझ्या वहीत होता. पलीकडच्या मुलीने मराठीत शांतपणे ऐकून घेतले, सध्या मुलाने वेगळ्या खोलीत झोपावे, ह्यांना झोपेतून उठवताना हात न लावता लांबून नावाने हाक मारावी, आणि मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे, असे सांगितले. लांबून हाक मारण्याचा सल्ला चोवीस वर्षांपूर्वी मिळाला असता तर माझ्या मनगटाचे एक दुखणे वाचले असते.

त्यानंतरचे दोन आठवडे वाया गेले. जवळच्या एका डॉक्टरांनी काही न विचारता झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांनी झोप लागे, पण स्वप्नातून जाग येत नसे, आणि ते अधिक वाईट होते. सासूबाईंनी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले, कौल लावला. त्यांच्या मते कलमांच्या वाटेवरची बाधा होती. मी त्यांना अडवले नाही. देवाने उजवा कौल दिला आणि "डॉक्टराकडे न्या" असा त्याचा अर्थ गुरवानेच लावला, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

२९ मे रोजी आम्ही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. हे कार्यालय रत्नागिरीला आहे आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही रत्नागिरीलाच. आमच्याकडे "ह्याला रत्नागिरीला न्यायला हवे" या वाक्याचा एकच अर्थ होतो, त्यामुळे एसटी स्टँडवर भेटलेल्या प्रत्येकाला "पेन्शनच्या कामाला चाललोय" असे सांगत आम्ही चार तासांचा प्रवास केला. तिथले कल्याण संघटक स्वतः निवृत्त सुभेदार होते. त्यांनी ह्यांना तक्रार विचारलीच नाही. "किती तास झोपता?" एवढेच विचारले, आणि उत्तर ऐकून "मीही बरीच वर्षे तेवढाच झोपायचो" असे म्हणून चहा मागवला. उपचार घेतल्याने निवृत्तिवेतन बंद होते, मुलाला भरतीत घेत नाहीत, अशा ज्या गोष्टी वाडीत ऐकवल्या जात होत्या त्या त्यांनी एकेक करून खोडून काढल्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवली जाते, हेही त्यांच्याकडूनच कळले.

माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही अंशदायी आरोग्य योजना आहे. रीत अशी की आधी योजनेच्या आपल्या पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे दवाखान्यात, नोंद करायची, तिथले वैद्यकीय अधिकारी तपासतात आणि पुढच्या रुग्णालयासाठी रेफरल देतात. आम्ही ६ जूनला गेलो. डिस्चार्ज बुक, पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश), ईसीएचएस कार्ड आणि आधार यांच्या तीन-तीन प्रती बरोबर होत्या. तरी चौथी लागली. डॉक्टरांसमोर बसल्यावर हे "गुडघे दुखतात" एवढेच बोलले. आदल्या रात्री मी एका कागदावर तारखांसह सगळे लिहून ठेवले होते, तो कागद मी टेबलावर सरकवला. ज्यांना हे करावे लागणार आहे त्यांनी तो कागद नक्की लिहावा, एका पानाचाच लिहावा, आणि घरच्या माणसाला दाखवून मग न्यावा. मी न दाखवता नेला होता आणि त्याबद्दल आठवडाभर अबोला सोसला.

रेफरल पुण्याच्या लष्करी रुग्णालयासाठी मिळाले. रेफरलला मुदत असते, म्हणून ते हातात पडताच तारीख वाचून घ्यावी. माझी अडचण वेगळीच निघाली. लग्नात माझे नाव बदलले होते आणि ह्यांनी पलटणीत पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची लष्करी दप्तरातली नोंद, करताना तेच सासरचे नाव दिले होते. माझे शाळेचे दाखले, नोकरी आणि आधार मात्र माहेरच्या नावावर. त्यामुळे कागदोपत्री ह्यांची बायको एक आणि शेजारी बसलेली बाई दुसरीच. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, नोटरी, लग्नाचा दाखला आणि रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, असे सगळे केल्यावर दुरुस्तीचे पत्र यायला अकरा आठवडे लागले. प्रतिज्ञापत्राला साडेतीनशे रुपये खर्च झाले. ज्यांचे यजमान अजून नोकरीत आहेत त्यांनी हे आत्ताच तपासून घ्यावे. पलटणीच्या कचेरीत जे काम लवकर होते, त्याला बाहेर आल्यावर एक ऋतू जातो.

४ जुलैला पुण्यात पहिली भेट झाली. सकाळी सातला नंबर लावला, पावणेबाराला आत बोलावले. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ बाई स्वतः मेजर होत्या. गेल्या महिनाभरातल्या त्रासाविषयी वीस प्रश्नांचा एक तक्ता असतो, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, म्हणजे जास्तीत जास्त ऐंशी. ह्यांनी बहुतेक प्रश्नांना ताठ बसून "कोई दिक्कत नहीं, मॅडम" असे उत्तर दिले आणि बेरीज अकरा आली. मग डॉक्टरांनी मला आत बोलावले, माझा कागद वाचला, आणि ह्यांना म्हणाल्या, "हवालदार साहेब, हा गस्तीचा रिपोर्ट समजा. जे दिसले ते सांगायचे, काय दिसायला हवे होते ते सांगायचे नाही." दुसऱ्यांदा बेरीज चोपन्न आली.

पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणाव विकार, हे नाव त्या दिवशी आम्ही प्रथम ऐकले. डॉक्टरांनी सांगितले की हे निदान अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत १९८० साली आले, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर. दुखणे अर्थातच फार जुने आहे. प्रसंग पुन्हा समोर घडतो आहे असे वाटणे, त्याची आठवण करून देणारे सारे काही टाळणे, मनात कायमची उदासी वा अपराधी भावना राहणे, आणि शरीराने सतत सज्ज राहणे, असे त्याचे चार पदर त्यांनी समजावले. शेवटच्या पदराविषयी त्या म्हणाल्या की द्रासच्या उतारावर ज्या सवयीने जीव वाचवला तीच सवय घरात काम नसताना राबत राहिली आहे. त्रास वाढला कधीपासून, या प्रश्नाचे उत्तर आम्हा दोघांनाही देता येईना. ते परतीच्या एसटीत माझ्या लक्षात आले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या पडवीची मंगलोरी कौले उडाली होती आणि गावातल्या निम्म्या घरांसारखा आम्हीही तिथे पत्रा घातला होता. कौलांवर पडलेल्या आंब्याचा जेमतेम टप् असा आवाज येई. पत्र्यावर सुपारी पडली तरी गोळी वाजावी तसे वाजते.

त्याच भेटीत डॉक्टरांनी सरळ विचारले, "घरात हत्यार आहे का?" आमच्याकडे डुकरांसाठी परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. मग त्यांनी ह्यांना तितक्याच सरळपणे विचारले की, ती स्वतःवर चालवावी असे कधी मनात आले का. मी तिथे बसलेली असताना ह्यांनी "दोनदा" असे उत्तर दिले. या वाक्यापुढे मला काही लिहिता येत नाही. उपचार होईपर्यंत बंदूक घरात नसावी असे ठरले, आणि १० जुलैला आम्ही परवाना, बंदूक आणि मोजून सात काडतुसे पोलीस ठाण्यात जमा करून शिक्क्याची पावती घेतली. हे घरच्यांनी लपवाछपवीने करू नये. ह्यांनी ती स्वतःच्या हाताने नेऊन दिली, म्हणून पुढचे सगळे जमले.

औषधे दोन होती. सर्ट्रालीन या नैराश्यावरच्या औषधाचा उपयोग दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ते आपल्या मनाने एकाएकी बंद करायचे नाही, असे बजावले होते. स्वप्नांसाठी प्राझोसिन ही मुळात रक्तदाबाची गोळी दिली; तिने सुरुवातीला उठताना चक्कर येते, आणि हे तर पहाटे साडेचारला ताडकन उठणारे. पहिल्याच आठवड्यात खांबाला धरून खाली बसले. तेव्हापासून आधी खाटेवर दोन मिनिटे बसायचे ठरले. पहिले दहा दिवस मळमळ होती. पाचव्या आठवड्यात, अधिक श्रावणात, ते एका रात्री सलग पाच तास झोपले आणि मी मात्र काहीतरी बिनसले या भीतीने जागी राहिले. औषधे पॉलिक्लिनिकमधून मिळत. दोनदा एक गोळी संपली होती ती बाहेरून घ्यावी लागली.

ऑगस्ट ते डिसेंबर दर पंधरा दिवसांनी ह्यांच्या एकट्याच्या नऊ बैठका झाल्या. आत काय बोलले जाते ते मला ठाऊक नाही आणि तसेच असायला हवे. एवढे माहीत आहे की एकाच रात्रीची हकिकत त्यांना पुनःपुन्हा, डोळे मिटून, वर्तमानकाळात सांगायची होती. तिसऱ्या बैठकीनंतर ते म्हणाले, "आता येणार नाही." चौथीला मी बरोबर गेले, बाहेरच्या बाकावर बसले. बैठकीनंतरचा दिवस वाईट जातो. त्या दिवशी पाहुणे, बँक, वादाचा विषय काही ठेवू नये.

डिसेंबरात डॉक्टर म्हणाल्या की आता घराने यायला हवे. कौटुंबिक समुपदेशनासाठी आम्ही पुण्यातल्या एका खाजगी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेलो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते; ती विचारून घ्यावी, विचारल्याचा कोणी राग मानत नाही. जानेवारी ते जुलै २०२४ मध्ये एकूण बारा बैठका झाल्या, प्रत्येकी बाराशे रुपये. चार पुण्यात, जिथे नोकरी करणारी आमची थोरली मुलगीही येई, आणि आठ व्हिडिओवर. घरी रेंज नसल्याने आम्ही रविवारी सकाळी माझ्या शाळेच्या व्हरांड्यात बसत असू: हे, मी, मुलगा आणि सासूबाई, चौघे एका बाकावर, समोर खुर्चीवर फोन.

पहिल्याच बैठकीत त्यांनी प्रत्येकाला एक कागद दिला आणि विचारले, "बाबांमुळे तुम्ही काय काय करायचे सोडलेत?" मुलाने लिहिले की तो मित्रांना घरी आणत नाही आणि दार आपटू नये म्हणून त्याच्या खोलीच्या दाराला फडके बांधतो. मुलीने लिहिले की ती सुट्टीत घरी येण्याआधी आईला फोन करून "हवा कशी आहे" असे विचारते, आणि त्याचा पावसाशी संबंध नसतो. माझी यादी दोन्ही बाजूंना भरली. मानसशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या की या सांभाळून घेण्याने त्या क्षणी सर्वांना बरे वाटते, पण कुकरची शिट्टी निरुपद्रवी आहे हे शिकण्याची संधी त्यांच्या मेंदूला मिळतच नाही. पहाऱ्यावर एक माणूस होता, आता पाच झाले आहेत. मी रडले नाही, रागावले. चोवीस वर्षे मी ज्याला संसार समजत आले त्याने आजाराला खतपाणी घातले, असेच मला ऐकू आले. परतीच्या गाडीत महाड येईपर्यंत मी कोणाशी बोलले नाही. हा राग मी पुढच्या बैठकीत बोलून दाखवला आणि तो बोलायला तिथे जागा होती, ही गोष्ट मी त्या बाराशे रुपयांत धरते.

मग उतरंड रचली. सर्वांत वरचे, हलके मडके म्हणजे सांगून केलेली कुकरची एक शिट्टी. त्याखाली न सांगता झालेली. मग दाराकडे पाठ करून जेवण. मग पत्र्याखाली पावसाची एक रात्र. आणि तळाला शिमग्यातली पालखी, ढोल-ताशांसह अंगणात. प्रत्येक वेळी हे शून्य ते दहामध्ये ताण किती ते सांगत आणि तो निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबत. संताप चढू लागला की उच्चारायचा एक शब्दही ठरवला. मुलाने 'भरती' सुचवला. ह्यांनी "भरती" म्हटले की कोणी मागे जायचे नाही, आणि ह्यांनी अर्ध्या तासाने परत येऊन जे बोलणे तुटले होते ते पुरे करायचे. परत येण्याची अट महत्त्वाची. नुसते निघून जाणे त्यांना आधीपासूनच येत होते.

सातव्या बैठकीत मुलगी बोलली. दहावीला असताना तिला ताप होता, ती रात्री घाबरून पडवीत गेली आणि ह्यांनी तिला "आत जा" म्हणून खेकसून हाकलले होते. तेव्हापासून बाबांना आपण नको आहोत असे ती धरून चालली होती. हे बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तू जवळ झोपलीस तर झोपेत माझ्या हातून तुला काही होईल, अशी भीती वाटायची. म्हणून तर मी पडवीत झोपतो." आम्हा सर्वांची समजूत होती की त्यांना पडवीतला वारा आवडतो.

सासूबाई पहिल्या दोन बैठकांत जपमाळ घेऊन नुसत्या बसल्या होत्या. तिसऱ्यांदा त्यांनीच फोनमधल्या बाईंना अडवून सांगितले की त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरात त्यांचे आजेसासरे होते, पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याकडे जाऊन आलेले. ते माणसांत झोपत नसत, गोठ्यात बैलांजवळ झोपत, आणि होळी पेटली की कानात कापूस घालत. "म्हातारे तऱ्हेवाईक, असा सगळे म्हणत," त्या म्हणाल्या. आपल्याकडच्या काही गावांत 'या गावातून इतके जण महायुद्धाला गेले' असे सांगणाऱ्या इंग्रजी अमदानीतल्या संगमरवरी पाट्या अजून आहेत. किती गेले आणि किती मेले एवढेच त्यांवर कोरलेले असते. 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात १९१५ साली छापून आला होता, असे मानसशास्त्रज्ञ बाईंनी सांगितले, तेव्हा सासूबाईंनी "मग आमास कोणी कसा नाय सांगितलान?" असे विचारले. त्यानंतर बाधेचा विषय घरात निघाला नाही.

सगळे सरळ चढत गेले असे नाही. २६ जुलै २०२४ ला कारगिल विजयाला पंचवीस वर्षे झाली. तालुक्याला सत्कार होता. आम्ही आधी बैठकीत बोलून, मागच्या रांगेत बसायचे आणि भाषण करायचे नाही असे ठरवून गेलो. आयोजकांनी प्रेमाने ह्यांना व्यासपीठावर नेले आणि "त्या रात्रीचा थरार सांगा" म्हणून माईक हातात दिला. हे दोन मिनिटे उभे राहिले, गेलेल्या दोन जोडीदारांची नावे घेतली आणि खाली उतरले. नंतरचे तीन आठवडे स्वप्ने पूर्वीसारखी आली, साडेचारचा पहारा पुन्हा सुरू झाला. डॉक्टरांनी औषधाची मात्रा तात्पुरती वाढवली. स्मृतिदिनांच्या आसपास असे होते; दिनदर्शिकेवर आधीच खूण करून त्या आठवड्यात पुढची भेट ठरवून ठेवावी. सत्कार करणाऱ्यांनी शाल-श्रीफळ अवश्य द्यावे, थरार मागू नये.

खर्चाचे सांगते. ह्यांच्या पुण्याला चौदा फेऱ्या झाल्या, त्यांतल्या नवांत मी होते. साधी एसटी त्यांना एका बाजूचे साधारण तीनशे रुपये पडे आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट असल्याने मला दीडशे. असे प्रवासाचे ११,१००. पावसात वरंध घाट बंद असला की गाडी ताम्हिणीने जाते, दीड तास जास्त धरावा. सैनिक विश्रामगृह आणि जेवणखाण सहा हजार, बारा बैठकांचे १४,४००, बाहेरून घेतलेली औषधे, नोटरी, झेरॉक्स मिळून दोन हजार. एकंदर साडेतेहतीस हजार. लष्करी रुग्णालयातले उपचार विनामूल्य होते. माझ्या सतरा रजा गेल्या. मुख्याध्यापकांना खरे कारण सांगायला मला चार महिने लागले, आणि सांगितल्यावर त्यांनी फक्त "आधी का नाही बोललात" एवढेच म्हटले.

जानेवारी २०२५ च्या भेटीत त्या वीस प्रश्नांची बेरीज सव्वीस आली. एक गोळी चालू आहे, दुसरी कमी होत आली आहे. हे अजून पडवीतच झोपतात, पण पत्र्याखाली आम्ही काथ्याचे जाड तट्टे ठोकले आहेत. पालखीचे मडके अजून उतरंडीच्या तळाशीच आहे. मार्चमध्ये शिमगा आहे, बघू. बंदूक पोलीस ठाण्यात आहे. परवाना नूतनीकरणाच्या कामाला गेलो असताना तिथल्या हवालदारांनी "साहेब, आता घेऊन जाताय ना?" असे विचारले. यंदा डुकरांनी आमच्या कणगरांचे कंद मुळासकट उकरून खाल्ले आहेत. हे म्हणाले, "राहू दे अजून. खाऊ देत डुकरांना."